टोपीखालचं कपाळ

आमची मुलगी एकतिसाव्या आठवड्यात झाली. तयारी म्हणून घरात काहीच नव्हतं, कारण बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही असा सासूबाईंचा दंडक होता. त्या महिनाभर आधीच सिंधुदुर्गातल्या गावाहून व्हिजिट व्हिसावर ओमानला आल्या होत्या. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेर हा प्रश्नच नव्हता. नवरा पाचएकशे किलोमीटरवर दुक्मला, रिफायनरीच्या प्रोजेक्टवर. गुरुवारी संध्याकाळी यायचा, शनिवारी परत निघायचा. मधले दिवस मस्कतजवळच्या अल अमेरातच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी. डोंबिवलीत वाढलेली, इंडियन स्कूलमध्ये सायन्स शिकवणारी मी, आणि लिफ्टमध्ये चढताना दरवेळी उजवा पाय आधी टाकणाऱ्या त्या.

पटायचं आमचं. एकमेकींना टोमणे मारत पटायचं. मी त्यांच्या उपासांची चेष्टा करायचे, त्या माझ्या पोळ्यांची करायच्या. माझ्या पोळ्या त्या हातात घेऊन उजेडाकडे धरायच्या आणि काही न बोलता ताटात ठेवायच्या.

त्या दिवशी दुपारी शाळेतून आले आणि पोटात दुखायला लागलं. टॅक्सी डोंगराच्या रस्त्याने मस्कतकडे उतरत होती तेव्हा मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, की घाबरू नकोस, नुसतं दाखवायला चाललेय. तो दुक्महून निघून पोहोचेपर्यंत मुलगी जगात आली होती आणि तिला माझ्या डोळ्यांसमोरून घाईघाईने नेलंही होतं. ती रडली नाही. कण्हली. दर श्वासाला कण्हायची. एवढ्या लहान जिवाला कण्हताना मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा कधी ऐकायची वेळ येऊ नये.

तिचं वजन दीड किलोच्या आत होतं. फुप्फुसं तयार नव्हती. तिथल्या डॉक्टर ओमानी होत्या, माझ्याच वयाच्या, आणि शांतपणे बोलायच्या. त्यांनी इंग्रजीत समजावलं ते साधारण असं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसातल्या पिशव्या श्वास सोडल्यावरही थोड्या उघड्या राहतात. हिच्या मिटून चिकटतात. मग प्रत्येक श्वासाला त्या नव्याने उघडाव्या लागतात आणि त्यातच बाळाची सगळी ताकद संपते. म्हणून नाकातून थोड्या दाबाने हवा आणि ऑक्सिजन सतत आत सोडत राहायचं, म्हणजे पिशव्या मिटत नाहीत. घशात नळी घालायची नाही, श्वास बाळाने स्वतःचा स्वतः घ्यायचा, यंत्राने फक्त दार धरून ठेवायचं. ‘ती नाकावर निभावून गेली तर फार चांगलं. थकली तर नळी घालून मोठ्या मशीनवर घ्यावं लागेल, आणि एवढ्या नाजूक फुप्फुसांना ते सोसतंच असं नाही. पहिला आठवडा महत्त्वाचा. इन्शाल्ला.’

मी सातवीला श्वसन शिकवते. फळ्यावर दोन फुप्फुसं काढते आणि त्यांत बाण. डॉक्टरांसमोर मी शहाण्यासारखी मान हलवत होते आणि डोक्यात मात्र एकच गोष्ट चालली होती, की हिने थकायचं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात विचारायला एकच प्रश्न उरला. दुक्महून दिवसातून चारदा फोन यायचा. दोन दिवस राहून नवऱ्याला परत जावं लागलं होतं, कारण प्रोजेक्टचं काम ऐन भरात होतं आणि अर्बाबने, म्हणजे मालकाने, दिली तेवढीच रजा. फोन उचलला की तो हॅलोसुद्धा म्हणायचा नाही.

“नाकावरच आहे ना अजून?”

“नाकावरच आहे.”

मग त्याचा श्वास सोडल्याचा आवाज यायचा.

ते यंत्र दिसायला अगदी गरीब होतं. भिंतीतून हवा आणि ऑक्सिजन यायचा, गरम होऊन, ओलसर होऊन एका नळीतून बाळापर्यंत जायचा. नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन इवल्या मऊ नळ्या. दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. त्या पाण्यात बुडबुडे येत राहायचे. नळ्या हलू नयेत म्हणून बाळाच्या डोक्यावर एक विणलेली टोपी, आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना आणि रबर बँड लावून नळ्या बांधलेल्या. टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. खाली नळ्या, वर टोपी, मध्ये डोळे तेवढे, आणि तेही मिटलेले. माझ्या मुलीचं तोंड मला नीट दिसलंच नव्हतं.

तिथली केरळची सिस्टर मला पहिल्याच दिवशी म्हणाली, “मॅडम, मशीन का नंबर मत देखो. बॉटल देखो. बबल चल रहा है, तो बेबी को हवा मिल रहा है.”

मग मी बाटलीच बघायचे. दर तीन तासांनी आईला आत सोडायचे. मी दूध काढून न्यायचे, चमचाभर भरेल न भरेल एवढं. ते तिच्या पोटातल्या बारीक नळीत सिस्टर सोडायची. मला करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. तिला ठेवलेल्या काचेच्या पेटीच्या गोल दारातून हात घालून पायाला बोट लावायचं आणि बाटलीतली बुडबुड ऐकत उभं राहायचं. मला चिडायला कोणी लागतं. तिथे चिडायला कोणी नव्हतं. सगळे चांगले होते.

सासूबाईंना आत परवानगी नव्हती. आजी-आजोबांनी चार ते पाच या वेळात बाहेरच्या काचेतून बघायचं. आमची पेटी काचेपासून दुसरी होती, म्हणजे तसं बरं दिसायचं. चौथ्या दिवशी त्या काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या होत्या. मी बाहेर आले तर म्हणाल्या,

“गो, चेडवाचा कपाळ सगळा झाकलेला आसा.”

“टोपी आहे ना आई. नळ्या बांधायला.”

“ता कळला माका. पण उद्या पाचवी. सटवाय लिवतली खंय?”

पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, एवढं मलाही माहीत होतं. मी हसले. म्हटलं, “आई, आधी सटवाईला ओमानचा व्हिसा मिळू दे.”

त्या हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या.

पाचवीची तयारी त्यांनी फ्लॅटमध्ये केलीच. मस्कतमधल्या हमरियाच्या दुकानातून शेजारणीकडून विड्याची पानं आणि नारळ मागवला. पाटा-वरवंटा आमच्याकडे कुठला? तर बिल्डिंगच्या मागे कोरडी वादी आहे, पावसाळी नाल्यासारखी, तिथे उन्हात जाऊन एक लांबट गुळगुळीत दगड शोधून आणला आणि धुऊन पाटावर ठेवला. कोरा कागद माझ्या वह्यांतला. पेन म्हणून मी माझं तपासायचं लाल पेन दिलं तर परत केलं.

“ह्या नको. ह्येणा तू चुको काढतंस.”

निळं दिलं. सगळं मांडून झालं आणि त्या त्यासमोर बसून राहिल्या. बाळ डोंगरापलीकडे, कागद इथे, आणि कपाळ टोपीखाली. मला खरंच राग आला. म्हटलं, “आई, डॉक्टर तिचा श्वास धरून बसलेत आणि तुम्ही कपाळ धरून बसलाय.” असं बोलायला नको होतं. त्या उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी अळिवाची खीर घेऊन आल्या.

त्या दिवशी दुपारी हेड सिस्टरने मेहेरबानी केली. आजी गावाहून आली आहे, रोज काचेपाशी उभी असते, हे तिने बघितलं होतं. दोन मिनिटं आत येऊ दे म्हणाली. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला, तो उलटा घातला, पुन्हा सुलटा घातला. आत आल्यावर सिस्टरने त्यांना एक बोट बाळाच्या तळव्याला लावू दिलं. बोट लावून त्या उभ्या राहिल्या. मग सिस्टरला म्हणाल्या, “बाय, टोपी जरा ऊपर करेगा? थोडाच.”

“नहीं नहीं अम्मा, टोपी को हाथ नहीं लगाना.”

“बरा,” म्हणाल्या आणि दोन मिनिटं संपायच्या आधीच बाहेर गेल्या. चार वाजून गेले होते. काचेपलीकडे जाऊन त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मी आतून बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता.

सिस्टर पलीकडच्या पेटीकडे गेली. तिथल्या जुळ्यांपैकी एकाचं काहीतरी चाललं होतं. मी एकटी होते.

आता हे सरळ सांगते. मी सटवाईवर विश्वास ठेवत नव्हते. आजही ठेवत नाही. पण चार दिवस मी घाबरलेली होते, आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला लागतं. त्या सगळ्या खोलीत माझ्या हाताला येईल अशी एकच गोष्ट होती, ती टोपी. आणि मनात आलं, असलीच सटवाई तर? नसली तर काय बिघडलं? बोटभर तर सरकवायची आहे. सिस्टर उगाच बाऊ करतात, टोपी ती टोपी. विज्ञानाच्या बाईने एवढं बघायला हवं होतं की नळ्या टोपीलाच बांधल्या आहेत, टोपी वर गेली की त्याही ओढल्या जाणार. मला ते दिसत होतं. पिना दिसत होत्या, रबर दिसत होते. मी दोन बोटांनी टोपीची कड वर सरकवली, जेमतेम बोटभर.

कपाळ दिसलं. त्यावर टोपीच्या विणीचा ठसा उमटला होता आणि बारीक लव होती. मी टोपी तशीच राहू दिली. रात्रीपर्यंत असू दे म्हटलं, कोणाला कळतंय. गोल दार लावलं आणि खुर्चीवर बसले. चार दिवसांत पहिल्यांदा मला आपण तिच्यासाठी काही केलं असं वाटलं. बरं वाटलं. हेही सांगायलाच हवं.

थोड्या वेळाने खोलीत फार शांत वाटायला लागलं. किती छान शांत आहे, असं माझ्या मनात आलंसुद्धा. मग मी बाटलीकडे बघितलं. पाणी स्थिर होतं. एकही बुडबुडा नव्हता.

मी उठेपर्यंत अलार्म वाजला. नळ्या नाकाबाहेर गालावर आल्या होत्या आणि मुलीचा रंग राखेसारखा झाला होता. छाती हलत नव्हती. सिस्टर धावली, दुसरी धावली, पेटी उघडली, कोणीतरी तोंडावर मास्क धरून हाताने फुगा दाबायला लागलं. मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि काचेवरचा पडदा ओढला. बाहेर सासूबाई होत्या. त्यांनी माझं मनगट पकडलं. आम्ही दोघी पडद्याच्या पांढऱ्या कापडाकडे बघत उभ्या राहिलो. आत काय चाललंय ते आवाजांवरून कळेना.

किती वेळाने कोण जाणे, सिस्टर बाहेर आली. बाळ परत आलंय, नाकावर परत लावलंय, म्हणाली. पण ती संतापली होती. आणि घाबरलीही होती, कारण तिच्या पाळीत हे झालं होतं.

“टोपी किसने ऊपर किया? बच्चा ऐसे टोपी नहीं निकालता.” तिने सासूबाईंकडे बघितलं. “अम्मा ने किया ना? अम्मा ने मुझको भी बोला था.” मग माझ्याकडे वळून, “मॅडम, अम्मा ने किया?”

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते आता आठवत नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं कशाला बोलू? हो म्हणूनच हलवली.

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं नाही. त्या सिस्टरला म्हणाल्या, “गलती झाला, बाय.”

मला वाटलं, त्यांना काय विचारलंय तेच कळलं नसेल. हिंदी त्यांची यथातथाच. मग वाटलं, आत असताना त्यांनीही कदाचित हात लावला असेल. एक बोट तर आत होतंच ना. सैल झाली असेल तेव्हाच. माणूस स्वतःची समजूत घालायला बसलं की त्याला किती सुचतं!

सिस्टरने पेटीच्या फाइलवर आणि दारावरच्या फळ्यावर लिहिलं, की आजीला आत सोडायचं नाही. काचेपाशीही नको.

संध्याकाळी मुलीचा ऑक्सिजन वाढवावा लागला, दाबही वाढवावा लागला. बाटली जोरात बुडबुडत होती, पण फासळ्या पुन्हा आत ओढल्या जायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाल्या, ‘ती थकली आहे.’ आणि तिच्या घशात नळी घातली.

नवऱ्याचा फोन आला. “नाकावरच आहे ना अजून?”

मी “नाही” म्हटलं. तो निघाला आणि दुपारी पोहोचला. टोपीचं त्याला सिस्टरने दारातच सांगितलं. आल्या आल्या डॉक्टरांना त्याने विचारलं, की कालच्या प्रकारामुळे झालं का. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येणार नाही. एवढी लहान मुलं तशीही थकतात. जंतुसंसर्गही असू शकेल, तपासतोय. कालच्या प्रकाराने मदत झाली नाही, एवढंच.

त्याने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. मीही तेवढंच उचललं होतं, म्हणून त्याला नावं ठेवत नाही.

घरी सासूबाई पेज ढवळत होत्या. पाटावरचा दगड अजून तसाच होता, कोरा कागद तसाच. त्याने कागद उचलला आणि चुरगळला.

“आई, तुका कळता काय, तू काय केलंस ता? तुझ्या त्या सटवायपायी माझ्या चेडवाच्या घशात नळी घातली आसा!”

त्यांनी गॅस बंद केला. डाव ताटलीत ठेवला. मी बेडरूमच्या दारात उभी होते, टाके दुखत होते म्हणून चौकट धरून. तो क्षण मला दिला गेला होता. समोर नवरा होता, सासू होती, तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. पण मला वाटलं, आता बोलले तर हे मला तिच्याजवळ जाऊ देणार नाहीत. तो नाही आणि सिस्टरही नाही. त्या पेटीचं गोल दार माझ्यासाठी बंद होईल. मी गप्प बसले. नंतर सांगू म्हटलं, मुलगी बरी झाली की.

पुढचे दिवस सासूबाई रोज माझ्याबरोबर हॉस्पिटलपर्यंत यायच्या, कारण मला एकटीला गाडीत चढता-उतरता येत नव्हतं. मी वर जायचे. त्या खाली लॉबीत, पाण्याच्या मशीनजवळच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसायच्या. तीन-तीन तास. मी खाली आले की विचारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मी सांगायचे, आहे तसंच आहे.

आठवड्याभराने नवऱ्याने त्यांचं तिकीट काढलं. व्हिसा अजून महिनाभर होता. जायच्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये होते, म्हणून विमानतळावर गेले नाही. नसते तरी गेले नसते. घरी आले तर फ्रिजमध्ये महिनाभराचे लाडू, आणि पीठ मळून ठेवलेलं. त्याच दिवशी मुलीची नळी निघाली होती आणि ती परत नाकावर आली होती. त्यांना विमानात बसायच्या आधी कळलं की नाही, मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी सिस्टरने मुलीला उचलून माझ्या छातीवर ठेवलं. टोपी, नळ्या, रबर, सगळ्यासकट. वरून चादर घातली. शेजारी बाटलीत बुडबुड चालू. तिच्या श्वासाबरोबर माझ्या गळ्याखाली काहीतरी गरम हलत होतं. ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं, आणि मला नुसतं रडू येत होतं. सिस्टरला वाटलं आनंदाने.

सहा आठवड्यांनी मुलगी घरी आली. जगली. आता ती दुसरीत आहे. आजीशी फोनवर बोलताना तिचं मराठी अडखळायचं, वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि इंग्रजीत संपायचं, पण पलीकडून आजीचं हसणं ऐकून ती पुन्हा बोलायची. तिची छाती मात्र कच्ची राहिली. धुळीचे दिवस आले की श्वासाला शिट्टी वाजते, पंप द्यावा लागतो. कमी दिवसांच्या मुलांचं असं होतं, असं डॉक्टर सांगतात. नवरा पंप हलवता हलवता एकदाच म्हणाला होता, “त्या दिवसाचं आहे हे.” मी पंपाचं झाकण शोधत राहिले.

सांगू सांगू म्हणता वर्षं गेली. मुलगी घरी आली की सांगू, वर्षाची झाली की सांगू, तो परत मस्कतला बदलून आला की सांगू. प्रत्येक वर्षी ते सांगणं जास्त जड होत गेलं, कारण आता नुसती टोपी नव्हती, मधली सगळी वर्षंही त्यात आली होती. त्याने आईला पुन्हा इकडे बोलावलं नाही. आम्ही गावी जायचो दोन वर्षांतून एकदा. मुलगी आजीच्या मांडीवर बसली की तो लांबून म्हणायचा, “जपून, आई.” दरवेळी. त्या मांडी हलवायच्याही नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा मी ठरवूनच गेले होते. दुपारी पडवीत आम्ही दोघी रातांबे फोडत होतो. तो मुलीला घेऊन समुद्रावर गेला होता. माझे हात लाल, त्यांचे हात लाल. मी म्हटलं, “आई, मला तुम्हाला एक सांगायचंय. तेव्हा हॉस्पिटलमध्ये...”

“माका काचेतसून सगळा दिसला होता,” त्या म्हणाल्या. वर बघितलं नाही. बी एका बाजूला, साल एका बाजूला.

मी म्हटलं, “मग तेव्हा का नाही बोललात?”

“तुका भायर काढल्यानी असता तर? चेडवाक दूध कोणी दिला असता? उरार कोणी घेतला असता?” त्यांनी पुढचा रातांबा घेतला. “माजा काय. माका भायरच बसाचा होता.”

म्हणजे मी बेडरूमच्या दारात उभी राहून जे माझ्यापुरतं मोजलं होतं, ते त्यांनी माझ्या आधी, त्या पडद्यासमोर, माझं मनगट धरून मोजलं होतं. मी माझ्यासाठी गप्प बसले आणि त्याही माझ्यासाठीच गप्प बसल्या. मी रडायला लागले तर म्हणाल्या, “डोळ्यांक हात लावू नको, झोंबात. चल, हात चलव.”

“मी त्याला सांगते आई. आज सांगते.”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. स्पष्ट. आणि मी, खरं सांगायचं तर, ते लगेच मानलं. सुटले असं वाटलं मला.

गेल्या वर्षी त्या गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा. नवरा आधी पोहोचला, शेवटचे तीन दिवस त्याला मिळाले. मुलीला आणि मला तिकीट मिळून आम्ही पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्यानंतर आम्ही परतलो. विमानतळावरून गाडी घेऊन डोंगराच्या रस्त्याला लागलो तेव्हा सकाळ होती. मागे मुलगी झोपली होती, तोंड थोडं उघडं टाकून, श्वास नीट चालला होता. तो गाडी चालवत होता. रस्त्याकडेच बघत म्हणाला,

“एक बरं झालं. शेवटच्या दिवशी मी आईला सांगितलं. म्हटलं, त्या टोपीचं मी मनातून कधीच काढून टाकलंय. मी तुला माफ केलंय, आई.”

मी खिडकीबाहेर बघत होते. “काय म्हणाल्या त्या?”

“बोलता कुठे येत होतं तिला. तिने मला हात जोडले.”

पुढे चढण होती. त्याने गिअर बदलला.

“बरं केलंस,” मी म्हटलं.